फिल्मच्या पट्टीवर थेट चित्रे: चौघांनी मिळून घरी करायचा दहा सेकंदांचा चित्रपट

सिनेमाची फिल्म हातात घेतल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती ही की, इथे वेळ फूटपट्टीने मोजता येतो. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे एकेका चित्राच्या चौकटी, बसतात आणि पडद्यावरून सेकंदाला २४ फ्रेम जातात. म्हणजे एक सेकंद दीड फुटाचा आणि दहा सेकंद पंधरा फुटांचे. सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर फुटाला ४० फ्रेम असल्यामुळे तेच दहा सेकंद सहा फुटांत मावतात. कॅमेरा बाजूला ठेवून या पट्टीवर थेट शाईने चित्रे काढायची, किंवा काळ्या पट्टीवर सुईने ओरखडून प्रकाशाची रेघ उमटवायची, ही पद्धत जुनी आहे. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या लेन लाय यांनी १९३५ साली ब्रिटिश टपाल खात्याच्या चित्रपट विभागासाठी अशी हाताने रंगवलेली फिल्म केली आणि पुढे नॉर्मन मॅक्लारेन यांनी कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात ही पद्धत फार उंचीवर नेली.

दहा सेकंदांसाठी २४० चित्रे लागतात. एकट्याने बसल्यास शंभराव्या फ्रेमच्या आसपास हात आणि उत्साह दोन्ही उतरू लागतात, हा माझा अनुभव आहे. चौघांनी वाटून घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला ६० चित्रे येतात आणि दोन रविवारांत पट्टी पुरी होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कागदावरच्या ॲनिमेशनमध्ये वेगवेगळ्या हातांचा फरक खटकतो, तो इथे खटकत नाही. इतक्या लहान चौकटीत कोणाचीच रेघ सलग दोन फ्रेममध्ये तंतोतंत सारखी येत नाही, त्यामुळे सगळे चित्र सतत थरथरत राहते आणि त्या थरथरीत चारही हात एकमेकांत मिसळून जातात. म्हणूनच हे काम मंडळींनी एकत्र बसून करण्याचे आहे असे मी मानतो.

फिल्म कोणती घ्यावी

तुमच्याकडे, किंवा ओळखीच्या एखाद्या जुन्या शाळेकडे, चालू स्थितीतला सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर असेल तर सोळाची फिल्म घ्यावी. तो नसेल, आणि बहुतेकांकडे नसतोच, तर मी पस्तीसचाच आग्रह धरतो. सोळाची चौकट जेमतेम दहा मिलिमीटर रुंद आणि साडेसात मिलिमीटर उंच असते. ती चार फूट रुंद पडद्यावर टाकली की सुमारे १२० पट मोठी होते आणि ०.३ मिलिमीटरच्या पेनाची रेघ तिथे साडेतीन सेंटिमीटर जाड दिसते. पस्तीसवर पडद्यावर दिसणारा भाग साधारण २१ बाय १५ मिलिमीटरचा असल्यामुळे नवशिक्या हाताला निदान एक चेहरा काढण्याइतकी जागा मिळते.

कोरी पारदर्शक फिल्म विकत मिळाली तर उत्तमच. नाहीतर जुनी प्रिंट, म्हणजे टॉकीजमध्ये दाखवायची चित्रपटाची प्रत, धुऊन वापरता येते. बंद पडलेल्या टॉकीजमधली रिळे अजूनही भंगारवाल्यांकडे येतात आणि मुंबईच्या चोर बाजारातही फिल्मचे तुकडे मिळतात. मात्र इथे एक विनंती मनापासून करतो. सलग, पूर्ण रीळ हाती लागले तर त्याला हात लावू नये. आपल्याकडे कितीतरी जुन्या चित्रपटांची एकही प्रिंट उरलेली नाही आणि हाती आलेले रीळ कोणत्या चित्रपटाचे आहे हे आपल्याला बघून कळेलच असे नाही. अशा रिळाबद्दल आधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवावे. आपल्या कामासाठी जाहिरातींचे तुकडे, रिळाच्या आरंभीची आणि शेवटची कोरी पट्टी, फाटलेले अवशेष एवढे पुष्कळ होते.

दुसरी सावधगिरी जिवाची आहे. १९५० च्या आसपासपर्यंत पस्तीसच्या फिल्म नायट्रेटच्या पायावर, म्हणजे नायट्रेटच्या पारदर्शक पट्टीवर, बनत. ही फिल्म पेटली की विझत नाही. पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळून गेला. फिल्मच्या कडेवर ‘सेफ्टी’ हा शब्द छापलेला दिसला नाही आणि फिल्म फार जुनी वाटली, तर ती घरी आणूच नये. सोळा मिलिमीटरच्या बाबतीत ही भीती जवळपास नाही, कारण ती फिल्म पहिल्यापासून घरगुती वापरासाठी, सुरक्षित पायावरच काढली गेली.

जुनी प्रिंट धुणे

प्रिंटवरचे चित्र म्हणजे पारदर्शक पायावर दिलेला जिलेटिनचा लेप, ज्याला इमल्शन म्हणतात. कपड्यांसाठी मिळणाऱ्या द्रव ब्लीचमध्ये तो सुटून येतो. हे काम गच्चीवर किंवा अंगणात, रबरी हातमोजे घालून, मोठ्या माणसांनीच करावे, आणि ज्या टबमध्ये ब्लीच ओतायचे तो आधी नुसत्या पाण्याने खळखळून धुवावा. कारण संडास धुण्याच्या ॲसिडचा अंश जरी त्यात राहिला तरी ब्लीचशी मिसळून क्लोरीनचा विषारी वायू तयार होतो. चार-पाच फुटांचा तुकडा सैल गुंडाळून ब्लीचमध्ये सोडला की थोड्याच वेळात रंग ढगासारखा पाण्यात उतरू लागतो. मग जुन्या सुती फडक्याच्या चिमटीतून पट्टी हलकेच ओढावी, दोन पाण्यांत धुवावी आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमट्यांनी लटकवावी.

सगळी पट्टी धुऊन टाकू नये. दहा सेकंदांपैकी एखादा तुकडा काळाच ठेवावा, कारण ओरखडण्याची मजा त्यावरच आहे. रंगीत प्रिंटच्या काळ्या भागात तीन रंगांचे थर एकावर एक असतात. इमल्शनच्या बाजूने, म्हणजे कमी चकाकणाऱ्या बाजूने, सुई हलक्या हाताने फिरवली की सर्वांत वरचा किरमिजी थर निघतो आणि रेघ हिरवी दिसते. थोडा जोर वाढवला की निळसर थरही जातो आणि रेघ पिवळी होते. तळापर्यंत गेले की स्वच्छ पांढरा प्रकाश. एकाच सुईतून, केवळ मनगटाच्या दाबावर, तीन रंग निघतात. माझ्या एका मैत्रिणीने याच पद्धतीने काजवे काढले होते: प्रत्येक काजव्याचा मधला ठिपका खोलवर टोचून पांढरा, आणि भोवती सुई नुसती टेकवून केलेले हिरवे वलय. पडद्यावर ते खरेच मिणमिणत होते.

साहित्य आणि मांडणी

ट्रेसिंगसाठी मिळणारे एलईडीचे पॅड असेल तर काम सोपे होते; नसेल तर काचेच्या टीपॉयखाली दिवा ठेवून वर बटर पेपर चिकटवावा. शाईसाठी ओएचपी शीटवर लिहायचे कायमस्वरूपी बारीक मार्कर सर्वांत भरवशाचे. काचेवर चित्रे काढायचे ग्लास कलर फार तेजस्वी दिसतात, पण ते पातळ लावावे लागतात. पाण्याची ड्रॉइंग इंक गुळगुळीत फिल्मवर थेंब थेंब होऊन आकसते. तीत भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब टाकला की ती नीट पसरते. ओरखडण्यासाठी शिवणाची सुई, कंपासपेटीतले कर्कटक, पॉलिश पेपरचा तुकडा आणि दाभण. खोडरबराचे काम सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेला इअरबड करतो. नेलपॉलिश काढायचे द्रव मात्र वापरू नये, त्याने फिल्मचा पायाच बिघडू शकतो.

पारदर्शक फिल्मवर फ्रेमच्या रेषा नसतात, तेव्हा खाली ठेवायला आखलेली पट्टी हवी. पस्तीसच्या एका फ्रेमला चार छिद्रे आणि सुमारे १९ मिलिमीटर उंची. ही आखणी फूटपट्टीने मोजून करू नये. दर फ्रेमला केसभर चूक झाली तरी पंधराव्या फ्रेमला ती डोळ्यांना दिसू लागते. फिल्मचाच एक तुकडा पांढऱ्या कागदावर चिकटवावा आणि दर चार छिद्रांनंतर, दोन छिद्रांच्या मधोमध, कागदावर आडवी रेघ मारत जावे. प्रत्येक चौकटीत मधल्या २१ बाय १५ मिलिमीटरचा आयतही आखावा आणि चौकटींना क्रमांक द्यावेत. सोळाच्या फिल्मवर दर फ्रेमला एकच छिद्र असते आणि दोन फ्रेममधली रेषा त्या छिद्राच्या पातळीवरून जाते, एवढाच फरक. चित्र सरळ दिसेल अशी पट्टी उभी धरल्यावर पहिली फ्रेम वर आणि पुढची तिच्या खाली, हा क्रम चौघांनीही पाठ करून ठेवावा. एकानेही पट्टी उलटी धरली तर त्याच्या वाट्याची अडीच सेकंदे उलटी आणि डोक्यावर उभी राहिलेली दिसतील.

हाताला वळण लावणे

गोष्ट काढायला बसण्यापूर्वी प्रत्येकाने दोन फूट पट्टी सरावात घालवावी. आधी फ्रेमकडे लक्षच न देता पट्टीच्या लांबीत एक सलग रेघ ओढावी. ती पडद्यावर उभी, किंचित डोलणारी तार होऊन दिसते. मग तीच रेघ डाव्या कडेपासून सुरू करून फूटभरात हळूहळू उजव्या कडेला न्यावी. आता तार डावीकडून उजवीकडे सरकते. वेळ आणि लांबी यांचे नाते हाताला उमगते ते इथे.

त्यानंतर पडणारा चेंडू. वरून सुटलेली वस्तू समान वेळात १, ३, ५, ७, ९, ११ अशा वाढत्या प्रमाणात अंतर कापते. पस्तीसच्या चौकटीत पडण्यासाठी १२ मिलिमीटर उंची धरली तर या सहा अंकांची बेरीज ३६ होते, म्हणजे एक भाग एक तृतीयांश मिलिमीटरचा. पहिली उडी जेमतेम दिसेल न दिसेल इतकी, दुसरी एक मिलिमीटर, आणि शेवटची साडेतीन मिलिमीटरच्या थोडी वर. प्रत्येक स्थिती दोन फ्रेममध्ये काढली की बारा फ्रेममध्ये, अर्ध्या सेकंदात, चेंडू जमिनीला टेकतो. जमिनीला टेकतानाच्या दोन फ्रेममध्ये त्याला थोडा चपटा करावा. सारख्या अंतरांनी उतरवलेला चेंडू तरंगत आल्यासारखा वाटतो आणि या प्रमाणात उतरवलेल्या चेंडूला वजन येते. हे दोन तुकडे शेजारी शेजारी काढून पाहिल्याशिवाय पटत नाही, म्हणून ते काढावेतच.

चौघांत वाटणी

पहिल्या चित्रपटासाठी विषय असा घ्यावा की ज्यात एका वस्तूचे दुसरीत रूपांतर होत जाईल. बी, अंकुर, झाड, पक्षी, पुन्हा बी, असा फेरा सोपा आणि गोड होतो. दादासाहेब फाळके यांनीही पूर्ण लांबीच्या चित्रपटाकडे वळण्याआधी रोपाची वाढ थोडी थोडी टिपून ती पडद्यावर काही क्षणांत दाखवली होती; कणाकणाने वाढणारी गोष्ट या माध्यमाला मुळातच मानवते.

वाटणी वेळेप्रमाणे करावी. एकाने रेघा काढायच्या, दुसऱ्याने रंग भरायचे, अशी कामाची वाटणी वरवर शहाणपणाची वाटते, पण तीत रंगवाला रेघवाल्याची वाट बघत बसतो आणि एकाचे आजारपण सगळ्यांचे काम थांबवते. दहा सेकंदांचे चार भाग करावेत: १ ते ६०, ६१ ते १२०, १२१ ते १८० आणि १८१ ते २४०. पस्तीसवर प्रत्येक भाग पावणेचार फुटांचा होतो, म्हणजे मांडीवर सहज सांभाळता येतो. मग सगळ्यांनी मिळून आधी फक्त पाच चित्रे काढावीत: क्रमांक १, ६०, १२०, १८० आणि २४०. ही सांध्याची चित्रे. एकाचे शेवटचे चित्र आणि दुसऱ्याचे पहिले चित्र जवळजवळ सारखे यायला हवे, म्हणून ही पाच चित्रे कागदावर फ्रेमच्याच मापात काढून त्यांच्या प्रती चौघांकडे द्याव्यात. मधल्या प्रवासात कोणी काय करावे यात दुसऱ्याने बोलू नये. आमच्या गटात तिसऱ्या भागातले झाड मध्येच छत्री झाले आणि परत झाड झाले. तो संपूर्ण चित्रपटातला सर्वांत आवडलेला क्षण ठरला. एक गोष्ट मात्र आधी ठरवून घ्यावी, ती म्हणजे रंग. एकूण तीनच रंग घ्यावेत आणि चौघांचे मार्कर एकाच डब्यातले असावेत.

साठ फ्रेमसाठी साठ वेगळी चित्रे लागत नाहीत. एकेक चित्र लागोपाठ दोनदा काढले तर तीस चित्रांत भागते. लागोपाठचे दुसरे चित्र हे पहिल्याची नक्कल असले तरी हाताने काढल्यामुळे किंचित हलतेच, आणि त्या हलण्याने चित्र जिवंत राहते. एखादे चित्र एकाच फ्रेममध्ये काढून सोडून दिले तर ते चमकून नाहीसे होते. वीज, टाचणी टोचणे, डोळ्यांची उघडझाप अशा जागी याचा मुद्दाम उपयोग करावा.

वाळवणे या कंटाळवाण्या भागावर थोडे अधिक बोलायला हवे, कारण आमचा पहिला चित्रपट तिथेच गेला. जुलै महिना होता, कोल्हापुरात झड लागली होती, आणि ग्लास कलरने रंगवलेली पंधरा फूट पट्टी बोटाला कोरडी लागते म्हणून आम्ही ती रात्री गुंडाळून डब्यात ठेवली. सकाळी उलगडताना एका वेढ्याचा रंग दुसऱ्या वेढ्याच्या पाठीला चिकटून सोलत आला. चौघांपैकी तिघांचे काम हातचे गेले. तेव्हापासून पावसाळ्यात आम्ही फक्त मार्कर आणि सुई वापरतो, आणि ग्लास कलर दिवाळीनंतर काढतो. तरीही रंगवलेली पट्टी दोन दिवस दोरीवर राहते आणि गुंडाळताना प्रत्येक वेढ्यात बटर पेपर घातला जातो.

पट्टी हलती करणे

चार तुकडे जोडताना पारदर्शक स्प्लायसिंग टेप वापरावी. फिल्म जोडण्याचा द्रव पॉलिएस्टरवर चालत नाही आणि अलीकडच्या बहुतेक प्रिंट पॉलिएस्टरच्याच असतात. हाताने ओढून फाटत नसेल तर ती पॉलिएस्टरची, असे समजावे. सांधा बरोबर फ्रेमच्या रेषेवर घ्यावा आणि छिद्रांवर आलेली टेप सुईने मोकळी करावी.

प्रोजेक्टर नसल्यास मोबाइलने एकेक फ्रेम टिपायची. ट्रेसिंग पॅडवर काळ्या जाड कागदाचा तुकडा घ्यावा आणि त्यात २१ बाय १५ मिलिमीटरची खिडकी कापावी. खिडकीच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवून फिल्म सरकण्यापुरती खाच ठेवावी. खरी गंमत टाचणीची आहे: खिडकीच्या शेजारी, छिद्राच्या बरोबर जागी, पुठ्ठ्यात एक टाचणी टोक वर करून पक्की बसवावी आणि दर वेळी फिल्म चार छिद्रे पुढे ओढून तिच्यात अडकवावी. ही टाचणी नसेल तर चित्र पडद्यावर उड्या मारते. मोबाइल वरून खाली बघेल असा स्टँडवर घट्ट बांधावा, त्याला जवळचे टिपणारी क्लिपची लेन्स लावावी, फोकस, प्रकाश आणि रंगसंतुलन एकदा ठरवून कुलूपबंद करावे आणि बटण बोटाने न दाबता इअरफोनच्या आवाजाच्या बटणाने फोटो घ्यावेत. एकाने फिल्म ओढायची, दुसऱ्याने फोटो घ्यायचा, तिसऱ्याने क्रमांक मोठ्याने म्हणायचा. २४० फ्रेम तासाभरात होतात. ब्लेंडरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही चित्रमालिका सेकंदाला २४ या वेगाने लावली की चित्रपट तयार.

प्रोजेक्टर असेल तर पट्टीच्या आरंभी पाच-सहा फूट आणि शेवटी तीन फूट कोरी फिल्म जोडावी, कारण यंत्रात ओवण्यात तेवढी जाते. रंगाचा जाड थर गेटमध्ये, म्हणजे दिव्यासमोरच्या ज्या अरुंद खाचेतून फिल्म सरकते तिथे, अडकतो, म्हणून पट्टीवरून बोट फिरवताना उंचवटा लागता कामा नये. चालू प्रोजेक्टर एका फ्रेमवर थांबवून ठेवू नये; दिव्याच्या उष्णतेने तेवढी फ्रेम वितळते.

सोळाच्या प्रोजेक्टरवर आवाजही हाताने काढता येतो, आणि हे मला या सगळ्या उद्योगातले सर्वांत मोठे नवल वाटते. छिद्रांच्या विरुद्ध कडेला आवाजाची अरुंद पट्टी असते, तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारातून यंत्र ध्वनी निर्माण करते. सोळाची फिल्म सेकंदाला सुमारे १८३ मिलिमीटर पुढे सरकते. त्या कडेला मिलिमीटरभर अंतराने आडव्या रेघा मारल्या तर सेकंदाला १८३ कंपनांचा स्वर ऐकू येतो, आणि तेच अंतर निम्मे केले की स्वर बरोबर एक सप्तक वर जातो. रेघा जाड केल्या की आवाजाचा पोत बदलतो. फक्त एवढे लक्षात ठेवावे की, आवाज वाचणारा भाग चित्राच्या गेटपासून दूर असतो, म्हणून ज्या चित्राचा आवाज हवा त्याच्या रेघा पट्टीवर २६ फ्रेम आधी, म्हणजे आरंभीच्या कोऱ्या फिल्मच्या दिशेने, माराव्यात; घोळ टाळण्यासाठी पट्टी उभी धरून चित्रापासून वरच्या बाजूला २६ फ्रेम मोजाव्यात आणि तिथे खूण करावी.

पहिल्यांदा पाहताना चौघांनी एकत्र बसावे आणि चित्रपट फिरत्या फेऱ्यात आठ-दहा वेळा चालू द्यावा. पहिल्या दोन फेऱ्यांत प्रत्येकजण स्वतःचेच साठ फ्रेम बघतो. चूक दिसते ती पाचव्या-सहाव्या फेरीत. जिथे डोळा ठेचकाळतो त्या फ्रेमचा क्रमांक लिहून घ्यावा. ती बहुधा सांध्याजवळ, उदाहरणार्थ ५८ ते ६४ च्या दरम्यान, सापडते. तेवढ्याच फ्रेम इअरबडने पुसून, त्या दोन भागांच्या चित्रकारांनी शेजारी बसून पुन्हा काढाव्यात आणि फक्त तेवढ्याच फ्रेमचे फोटो बदलावेत.